पाठमोरा

ऑफिसात तिला सगळे चाळणी म्हणत. तोंडावर नाही, पण इतक्या वर्षांत ते तिच्या कानावर गेल्याशिवाय थोडंच राहतंय? वाहिनीला विकायला आलेला प्रत्येक सिनेमा आधी तिच्या डोळ्यांखालून जायचा. ती दहापैकी गुण द्यायची, खाली चार ओळी लिहायची, आणि त्या चार ओळींवर कुणाच्या तरी दोन-तीन वर्षांच्या मेहनतीचं काय होणार ते ठरायचं. निदान ठरतं असं तिला वाटायचं. खडे निवडणारीचं नाव चाळणी पडलं तर त्यात रागवायचं काय, असं म्हणून तिने ते नाव मुकाट्याने पदरात घेतलं होतं. आपणही तिला तेच म्हणू.

त्या दुपारी जो सिनेमा आला तो हेरगिरीचा होता. नाव ‘पुन्हा हजर’. कमी पैशात केलेला, आणि कमी पैशात केलाय हे लपवायची धडपड पहिल्या दृश्यापासून उघडी पडलेला. शत्रूचा गुप्त अड्डा म्हणून एकच बोळ होता. तो एकदा या टोकाकडून दाखवायचा आणि एकदा त्या टोकाकडून. परदेशातली राजधानी म्हणजे कुठल्याशा हॉटेलची गच्ची आणि मागे धूसर केलेले दिवे. बॉम्ब निकामी करायचं अद्भुत यंत्र चाळणीने बघताक्षणी ओळखलं, कारण तिच्या इमारतीतल्या वॉचमनकडे गाड्यांचं फाटक उघडायला तसलंच यंत्र होतं. खलनायक बिचारा पगार थकल्यासारखा बोलत होता.

आणि या सगळ्याच्या मधोमध हिरो. एके काळी तो पडद्यावर नुसता आला तरी लोक खुर्च्यांवर उभे राहायचे. आता सत्तरीला टेकलेला. केस दुसऱ्या कुणाचे, दात नवे, पोट पट्ट्याने आवळलेलं. निवृत्त हेर, देशावर संकट, वरिष्ठांचा फोन, अशी गोष्ट. तो खुर्चीतून उठायला लागला की दृश्य तुटायचं आणि पुढच्या क्षणी तो उभा असायचा. पळताना फक्त बूट दिसायचे. मारामारीत समोरचेच लोक आपण होऊन भिंतीवर जाऊन आदळायचे. आणि सबंध सिनेमाभर अंगात एक जाड तपकिरी ओव्हरकोट. वाळवंटात कोट, गच्चीत कोट, जेवायला बसला तरी कोट. चाळणीने समोरच्या कागदावर लिहिलं, ‘या माणसाला उकडत नाही का?’

खोलीत चौघं होती. पुढे ती आणि तिचे वरिष्ठ, खरेदीप्रमुख. मागच्या रांगेत सिनेमाचे निर्माते, ज्यांना सगळे धाकटे शेठ म्हणत, आणि त्यांच्या शेजारी खुद्द हिरो. परीक्षणाला नटाने हजर राहायची रीत नव्हती. पण धाकट्या शेठनी त्याला आणलं होतं, आणि खरेदीप्रमुख पडले शाळेपासूनचे भक्त. त्यांच्याच्याने नाही म्हणवलं नाही. हिरो मात्र पहिल्या अर्ध्या तासातच झोपला. त्याचं बारीक घोरणं ऐकून चाळणीला त्याची कीव आली आणि तिने मनातल्या मनात तीन गुणांचे साडेतीन केले.

शेवटाकडे आपला हेर एका उंच इमारतीच्या कठड्यावर येतो. मागे शत्रू, पुढे काही नाही. तो मागे एक नजर टाकतो आणि उडी मारतो.

तिथे चित्राचा पोत एकदम बदलला. रंग पिवळट, दाणेदार. लांबून घेतलेलं दृश्य होतं. तपकिरी कोटातला अंगठ्याएवढा माणूस, पाठमोरा, कठड्यावरून सुटला आणि खाली यायला लागला. मध्ये कुठे कात्री नाही, दोरी नाही, संगणकाची करामत नाही. खराखुरा माणूस खऱ्या उंचीवरून पडत होता. खरेदीप्रमुखांच्या तोंडून ‘बाप रे’ निघून गेलं. जमिनीच्या जरासं आधी दृश्य तुटलं आणि हिरोचा चेहरा आला. तो कोट झटकत उठला आणि एक टाळीचं वाक्य बोलला.

चाळणीला ते वाक्य ऐकू आलं नाही. ती पाठ तिच्या बाबांची होती.

तिचे बाबा या हिरोचे डुप्लिकेट होते. हिरोने मारलेल्या उड्या, खाल्लेला मार, काचा फोडून बाहेर येणं, जळत्या जिन्यावरून गडगडणं, हे सगळं बाबांचं आणि टाळ्या हिरोच्या. धंद्यात बाबांना पाठमोरा म्हणत, कारण पडद्यावर त्यांचं तोंड कधी दिसलं नाही, आणि ते दिसू न देणं हेच त्यांचं कसब होतं. या घराची सिनेमा बघायची तऱ्हा त्यामुळे जगावेगळी. आई आणि लेक पडद्याकडे बोट करून ‘हे साहेब, हे बाबा, हे परत साहेब’ असं म्हणत बसायच्या, आणि चुकेल तिने रात्रीची भांडी घासायची. बहुतेक वेळा आईच घासायची. चाळणीची नजर तयार झाली ती तिथे. पुढच्या शिक्षणाने फक्त त्या नजरेला पगार मिळवून दिला.

पडायच्या धंद्यात दोन गोष्टींना फार मान. पहिली म्हणजे खोकी. पुठ्ठ्याची रिकामी खोकी थरावर थर रचायची, वर गादी टाकायची. माणूस पडला की खोकी चेपतात आणि माणूस वाचतो. दुसरी म्हणजे हात. पडलेल्याने हात वर करायचा, मग सगळ्यांनी श्वास सोडायचा. तो हात वर होईपर्यंत कॅमेरा थांबवायचा नाही आणि कुणी जवळ जायचं नाही. बाबांची खोकी रचायचा तो तिचा मामा, आईचा पाठचा भाऊ. दुसऱ्या कुणी रचलेल्या खोक्यांवर बाबा पाय ठेवायचे नाहीत, पडणं तर लांबच. मेव्हण्याच्या जिवावर उड्या मारतो म्हणून युनिटची माणसं त्यांना चिडवायची आणि बाबा खूश व्हायचे.

चाळणी आठवीत असताना बाबा पडले आणि हात वर झाला नाही. जीव वाचला, पण कंबरेखालचं सगळं गेलं. तो सिनेमा थोरल्या शेठनी, म्हणजे धाकट्यांच्या वडिलांनी, अपशकुनी म्हणून अर्ध्यातच सोडून दिला. कंपनीचा मॅनेजर दवाखान्यात येऊन सांगून गेला की खोकी कमी पडली, रचणाऱ्याची चूक, बाकी कुणाचा दोष नाही. मामाने ‘नाही’ म्हटलं नाही. उजेड जायला आला होता, सगळे घाई करत होते, आणि समोर बहिणीचा नवरा तसा पडलेला बघितल्यावर त्याची बिचाऱ्याची स्वतःच्या हातांवर खात्री राहिली नव्हती. बाबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. आई गेली तेव्हासुद्धा मामा फाटकाबाहेर उभा राहिला आणि तिथूनच परत गेला. सिनेमावाल्यांनी त्याला पुन्हा बोलावलं नाही. आता तो एका गोदामात राखणदार होता आणि चाळणी अधूनमधून त्याला चोरून भेटून यायची. दोघं चहा पीत बसायची आणि त्या दिवसाचा विषय काढायची नाहीत.

तेव्हा आता कळेल की दिवे लागले तेव्हा ती तिथे कशी बसली होती.

या खोलीचा नियम असा की दिवे लागले की आधी गुण लिहायचे आणि मग तोंड उघडायचं, म्हणजे एकाचं बघून दुसरा बदलत नाही. नियम खरेदीप्रमुखांनीच घातला होता आणि मोडायचेही तेच. ते उठून तडक मागे गेले, डोळे चोळणाऱ्या हिरोचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले की बाकीचा सिनेमा राहू द्या बाजूला, ती एक उडी पुरे. सिनेमा घेतला म्हणून समजा. जाहिरातीत तीच दाखवायची, बातम्यांच्या आधी आणि बातम्यांच्या नंतर. चाळणीने कागदावर एक शून्य काढलं, मग ते खोडलं. सिनेमा भिकार होता, पण ते शून्य सिनेमाला नव्हतं, आणि तेवढा प्रामाणिकपणा तिच्यात अजून शिल्लक होता. शिवाय तिने काय लिहिलं ते आता कोण वाचणार होतं?

“तेव्हा अंगात रग होती हो,” हिरो खरेदीप्रमुखांना सांगत होता. “डुप्लिकेट घ्या म्हणून सगळे मागे लागायचे. मी म्हणायचो, लोक मला बघायला येतात.”

चाळणीने वळून त्याच्या डोळ्यांत लबाडी शोधली. सापडली असती तर बरं झालं असतं; चार शब्द सुनावता आले असते. पण म्हातारा मनापासून बोलत होता. लोकांनी आयुष्यभर इतक्या उड्यांसाठी त्याची पाठ थोपटली होती की हळूहळू सगळ्याच उड्या त्याच्या होऊन गेल्या होत्या. तिच्याकडे बघून त्याने प्रेमाने विचारलं की बाईंना कशी वाटली उडी. छान, असं ती म्हणाली. झोपेतून उठलेल्या म्हाताऱ्या माणसाला दुसरं काय सांगणार?

धाकट्या शेठना तिने बाहेरच्या बोळात गाठलं. ती कुणाची मुलगी आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. उलट उत्साहाने सगळं सांगत सुटले. वडिलांच्या गोदामात फिल्मचे जुने डबे निघाले, त्यात ही उडी निघाली. अशी उडी आज घ्यायची म्हटली तर कोण मारणार आणि कोण मारू देणार? मग त्यांनी त्या उडीवरून मागे मागे जात गोष्ट लिहून घेतली. त्या उडीतल्या कोटावरून हिरोचा कोट शिवून घेतला आणि उडीशी जुळावं म्हणून सबंध सिनेमाभर त्याला तो काढू दिला नाही. आपली अक्कल सांगताना त्यांचा चेहरा फुलला होता.

चाळणीने विचारलं, हे वापरण्याआधी कुणाला विचारलं होतं का?

“विचारलं ना. तुमच्या बाबांनाच फोन केला होता,” धाकटे शेठ म्हणाले. “लगेच हो म्हणाले. फक्त, सिनेमा तुमच्यासमोर येईपर्यंत तुम्हाला काही सांगू नका म्हणाले.”

तिला तोंडात मारल्यासारखं झालं. भांडायला म्हणून आणलेलं सगळं तिथेच गळून पडलं. तिचा उतरलेला चेहरा बघून शेठना वाटलं की बाई भारावल्या. त्यांनी खिशातून फोन काढला. सिनेमात आम्ही खालचा भाग कापलाय, खोकी दिसतात ना, असं म्हणत त्यांनी तिच्या फोनवर तो सबंध तुकडा पाठवून दिला. आठवण म्हणून ठेवा, असंही म्हणाले. मनाने वाईट माणूस नव्हता तो.

जिन्याच्या वळणावर, जिथे ऑफिसातले लोक फोनवर घरच्यांशी भांडायला येतात, तिथे उभं राहून तिने तो तुकडा पाहिला. एकदा नेहमीच्या वेगाने. मग हळू. मग एकेक चित्र पुढे सरकवत.

खोकी दिसत होती. कॅमेरा सुरू झाला तेव्हा मामा अजून त्यांच्यापाशीच होता. काय बारीक होता तेव्हा, बनियनवर, केस कपाळावर. रास त्याच्या हनुवटीला लागत होती. खांद्यापर्यंत आली तरी पुरते, हे चाळणीला लहानपणापासून पाठ होतं. मामा चारी कोपऱ्यांवर फिरला, प्रत्येक कोपरा तळव्याने दाबून बघितला, गादी सारखी केली, मग वर बघून हाताने खूण केली आणि चौकटीबाहेर गेला. खोकी कमी नव्हती. एक थरसुद्धा कमी नव्हता.

मग बाबा सुटले. सुरुवात अगदी बरोबर होती, पाय बरोबर, हात बरोबर. आणि तिसऱ्या-चौथ्या चित्रात त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

तिने तो तुकडा मागे नेऊन परत पाहिला, कारण तिचा विश्वास बसेना. मान जाईल तिकडे अंग जातं, हे बाबांनीच तिला पोहायला शिकवताना शंभरदा सांगितलं होतं. पाण्यात सूर मारताना मान वाकडी केलीस की पोट आपटलंच म्हणून समज, असं म्हणायचे. आणि इथे त्यांनी स्वतःच मान वळवली होती. मानेमागून खांदा गेला, खांद्यामागून कंबर गेली, आणि सरळ खोक्यांवर येणारा माणूस हातभर बाजूला सरकला. का वळवली, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तोंड लपवायला. जन्मभराची सवय. कॅमेरा इतका लांब होता की त्यांच्या जन्मदात्या आईने त्यांना ओळखलं नसतं. तोंड दिसायचा प्रश्नच नव्हता. पण अंगात भिनलेलं होतं ते, कॅमेरा फिरतोय एवढं कळलं की मान आपोआप वळायची.

ते खोक्यांच्या कडेवर आपटून जमिनीवर गेले. रास होती तशी उभी राहिली. आणि मग पुढे बराच वेळ काहीच घडत नाही. कॅमेरा चालू आहे, माणसं जागच्या जागी उभी आहेत, सगळी हात वर व्हायची वाट बघतायत. शेवटी नियम मोडून एकच माणूस धावत आला. तो मामा होता.

चाळणीला रडू आलं नाही. चीड आली, आणि ती कुणावर काढायची तेच कळेना. हिरोवर काढावी तर तो दूधखुळा झालेला. शेठवर काढावी तर त्याने विचारून सवरून केलेलं. बाबांवर तर कशी काढणार? त्यांनी आपलं काम चोख केलं होतं, जरुरीपेक्षा जास्त चोख. ती कठड्याला धरून उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं की ही नजर आपल्याला मिळालीच नसती तर फार बरं झालं असतं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा चाकांच्या खुर्चीत तयार होऊन बसले होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, केस पाण्याने चापून बसवलेले. दिवसा मदतीला येणाऱ्या बाईंकडून त्यांनी हे सगळं करून घेतलं होतं आणि त्यांना लवकर घरी पाठवलं होतं. तिने चपला काढायच्या आतच त्यांनी विचारलं की आला होता का आमचा सिनेमा. मग किती गुण दिलेस, हिरो कसा दिसतो आता, कोट नीट जमलाय का, अशी प्रश्नांची सरबत्ती. तिने सिनेमातल्या गमती सांगितल्या, ते फाटकाचं यंत्र, तो एकुलता एक बोळ. बाबा खदखदून हसले. हसताहसता एकदम थांबले.

“आणि मी?” त्यांनी विचारलं.

छान होती उडी, असं ती म्हणाली. सगळ्यांना तीच आवडली, जाहिरातीत तीच घेणार आहेत.

बाबांनी ते ऐकल्यासारखं केलं, पण त्यांना पाहिजे होतं ते हे नव्हतं. ते सांगायला लागले की त्यांनी आपला प्रत्येक शॉट थिएटरात बसून पाहिलाय, पहिल्या रांगेत, तिकीट काढून. हा एकच राहिला. ज्याच्यापायी सगळं गेलं तोच नेमका डब्यात पडून राहिला. शेठच्या पोराचा फोन आला तेव्हा आनंदाने उडी मारायची तेवढी बाकी होती, असं म्हणून त्यांनी स्वतःच्या पायांकडे बघून डोळा मिचकावला. आधी सांगितलं नाही ते एवढ्याचसाठी, की तिने परक्याचा सिनेमा बघावा तसा तो बघावा.

“तुझ्या नजरेवर माझा भरवसा आहे,” ते म्हणाले. “दुसऱ्या कुणाच्या नाही. माझ्या डोळ्यांना आता फोनवरचं एवढंसं चित्र दिसत नाही. शेठचा पोरगा म्हणाला, सबंध तुकडा आहे, खालचंही दिसतं. तू मागून घेतला असशीलच. दिसली का खोकी?”

“दिसली.”

“कमी होती ना?”

तिने तोंड उघडलं, पण बाबांनी हात करून तिला थांबवलं. आधी माझं ऐक, म्हणाले. त्यांनी मनाशी एक ठरवलं होतं. मामाला माफ करायचं. किती वर्षं धरून बसायचं? दोघंही आता पिकली पानं. तुझी आई असती तर कधीच करायला लावलं असतं तिने. त्याला घरी बोलवायचं, समोर बसवून जेवू घालायचं, झालं गेलं संपवायचं. फक्त त्याआधी एकदा खात्री पाहिजे होती.

“कारण बघ,” बाबा हसत म्हणाले, “खोकी पुरती निघाली तर मग मी त्या पोराचं काय करून ठेवलं म्हणायचं? मग तर मला तोंड दाखवायला जागा नाही.”

ते गमतीत बोलले होते. पण हातांनी खुर्चीच्या चाकांच्या कडा घट्ट धरल्या होत्या.

चाळणीने आयुष्यभर लोकांना खरं सांगून त्यांचे चेहरे पडलेले बघितले होते आणि तिला त्याचं कधी फारसं वाईट वाटलं नव्हतं. सिनेमा भिकार असेल तर भिकार म्हणायचं, त्यात काय. आता तिला दोनच वाक्यं दिसत होती. एक खरं होतं. ते बोललं की या माणसाचे पाय एका न दिसणाऱ्या तोंडापायी गेले, आणि सख्ख्या मेव्हण्याचं आयुष्य त्याने उगाच जाळलं, दोन्ही एका दमात त्याच्या पदरात पडणार होतं. या वयात, या खुर्चीत. दुसरं वाक्य खोटं होतं, आणि ते मामाच्या गळ्यात कायमचं अडकणार होतं. तिने खरं बोलायचं ठरवलं. मग बाबांचा चापून बसवलेला भांग तिच्या नजरेत आला आणि तिने खोटं बोलायचं ठरवलं. दोन्ही वेळा तिने पुढे होऊन त्यांची आधीच सरळ असलेली कॉलर सरळ केली.

बाबा तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी हळूच तिच्या मनगटावर थोपटलं.

“नको बोलूस,” ते म्हणाले. “मामा आहे तुझा, तुझ्या तोंडून कसं निघणार? कळलं मला.”

आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. तिला ते स्पष्ट दिसलं. खांदे सैल झाले, चाकांवरची पकड सुटली. बाबा, तसं नाही, असं ती म्हणाली. म्हणाली खरी, पण इतक्या बारीक आवाजात की बाबांना ते मामाला सांभाळून घेणारं ‘नाही’ वाटलं. त्यांनी तिचा फोन मागून घेतला. मामाचा नंबर तुझ्याकडे असणारच, तू त्याला भेटतेस ते मला कळत नाही असं वाटलं का तुला, असं म्हणत त्यांनी तो तिच्याकडूनच लावून घेतला आणि दोघांना ऐकू यावं म्हणून मोठ्या आवाजावर ठेवला.

पलीकडून मामाने नेहमीसारखं ‘बोल गं बाळा’ म्हटलं. बाबा म्हणाले, अरे, मी बोलतोय. त्यावर पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग बाबा बोलत राहिले. पोरीने आज तो शॉट बघितलाय, सबंध. तिने काही सांगितलं नाही, पण मला कळायचं ते कळलं. घाई होती त्या दिवशी, कुणाच्याही हातून होतं. मी सोडून दिलं सगळं. तू उद्या ये जेवायला. माझ्याच्याने एवढी वर्षं फोन झाला नाही, ते मनात ठेवू नकोस. बोलताना त्यांचा आवाज कातर झाला होता आणि ते डोळे पुसत नव्हते.

“हो दाजी,” मामा म्हणाला. “चुकलंच माझं.”

चाळणी भिंतीला टेकून उभी होती. ते दोन शब्द मामा किती सहज बोलला, याचंच तिला जास्त लागलं. पाठ झाल्यासारखे आले होते ते.

मामाने नाक ओढलं आणि पोरगी आहे का तिथे, असं विचारलं. बाबांनी फोन तिच्या दिशेने पुढे धरला.

“बाळा, तू बघितलंस म्हणे,” मामा म्हणाला. “मी रोज रचतो गं ती खोकी, पडल्या पडल्या, मनातल्या मनात. दर वेळी माझ्या हनुवटीपर्यंत येतात. पण मनाचं काय खरं? तू डोळ्यांनी बघितलंस. तू सांग. कमी होती का?”

बाबा तिच्याकडे बघून मान हलवत होते. डोळे भरलेले, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जो तिने आठवीनंतर पाहिला नव्हता. “सांग की त्याला,” ते म्हणाले. “आता कुठे कुणाचा राग आहे?”

“मामा, तू घरी ये,” ती म्हणाली. “बाबा वाट बघतायत.”



“म्हणजे कमीच होती,” मामा म्हणाला. “बरं झालं बाळा, एकदाचं कळलं. येतो मी.”